जर्मनीतल्या नोकरीची मुलाखत आहे, तयारी कशी करू?

चाकणचा_पक्या | ५ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आधी डिप्लोमा, मग नोकरी करत बीई मेकॅनिकल. वय ३४. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ११ वर्षं क्वालिटीत आहे. आमचा माल म्हणजे गिअरबॉक्सचे शाफ्ट. श्टुटगार्टजवळच्या एका गावातल्या तीनेकशे माणसांच्या कंपनीत सप्लायर क्वालिटीची जागा आहे. फोनवरची पहिली फेरी झाली. आता व्हिडिओवर दीड तास. २८ ऑक्टोबर, तिकडचे सकाळचे ११, म्हणजे आपले दुपारचे अडीच. मुलाखत इंग्रजीत, पण 'थोडं जर्मन बोलून बघू' असं मेलमध्ये लिहिलंय. माझी ए२ (जर्मनच्या सहा पातळ्यांपैकी दुसरी) परीक्षा झाली आहे, बोलताना मात्र त-त-प-प होतं.

खरी अडचण अशी की आयुष्यात एकच धड मुलाखत दिली आहे. त्यात दोनच प्रश्न होते, कधी येणार आणि किती घेणार. दीड तास हे लोक विचारतात तरी काय? पगाराचा आकडा सांगायचा का? आणि बायको म्हणते कोट घाल. घालू?

शेवग्याची_शेंग | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. भाचाही याच वाटेवर आहे.

खडूस_काका | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

अकरा वर्षं एकाच ठिकाणी आणि एकच मुलाखत? तुझ्या मालकाला भेटायला आवडेल.

कोट घाल. नाही घातलास तर नोकरी जाईल न जाईल, घरात ऐकावं लागेल.

नेकारकाठी | ६ ऑक्टोबर, दुपारी २:३०

पक्या, मी ९ वर्षं याच भागात आहे आणि गेली तीन वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो, म्हणून जरा लांबण लावतो.

दीड तासातला निम्मा वेळ तुझ्याच सीव्हीवर जातो. तू जे लिहिलं असशील त्यातली कुठलीही ओळ उचलतील आणि खणत जातील. 'रिजेक्शन ४० टक्क्यांनी कमी केलं' असं लिहिलंयस? कशाच्या ४० टक्के, किती महिन्यांत, मोजलं कसं, आणि सहा महिन्यांनी ते तिथेच राहिलं का? शेवटच्या प्रश्नावर आपली भलीभली मंडळी आडवी होतात. जे सांगता येणार नाही ते आजच खोडून टाक.

दोन वाक्यं आजपासून बंद. पहिलं, 'होऊन जाईल सर'. आपल्याकडे त्याचा अर्थ 'प्रयत्न करतो' असा आहे, हे आपल्याला माहीत असतं. समोरचा मात्र ते वचन म्हणून वहीत लिहितो. एका मुलाला आम्ही विचारलं, नवा पुरवठादार उभा करायला किती वेळ लागेल. तो म्हणाला, 'चार आठवड्यांत होऊन जाईल.' पीपॅपची (नवा भाग मंजूर करून घेण्याची) कागदपत्रं, पहिले नमुने, मोजमाप, आमची मंजुरी, हे सगळं चार आठवड्यांत? त्याला काम येत होतं, फक्त नाही म्हणता येत नव्हतं. त्याला घेतलं नाही. दुसरं वाक्य, 'ॲज पर कंपनी नॉर्म्स'. पगाराचा आकडा ते विचारणारच आणि तो वर्षाचा, कर कापण्याआधीचा सांगायचा असतो.

आकड्याचं म्हणशील तर ब्लू कार्डासाठी (उच्चशिक्षितांचा तिथे राहून काम करायचा परवाना) २०२५ सालची पगाराची किमान मर्यादा ४८,३०० युरो आहे. इंजिनिअर टंचाईच्या यादीत येतात, त्यांना ४३,७५९ युरो ८० सेंट. त्या मर्यादेला चिकटून मागू नकोस, तुझा अनुभव ११ वर्षांचा आहे. ब्रुटो-नेटो, म्हणजे कर कापण्याआधीचा आणि हातात येणारा पगार, काढणारी कोष्टकं नेटवर फुकट आहेत, त्यात करवर्ग १ (एकटा माणूस) आणि ३ (लग्न झालेला, जोडीदाराची कमाई कमी) दोन्ही टाकून बघ. वर्षाला ५६ हजार म्हटलं तरी एकट्या माणसाच्या हातात महिन्याला तीन हजारांच्या आसपास पडतात आणि त्यातून घरभाडं जातं.

नोटिस पीरियड ९० दिवसांचा असेल तर बिनधास्त सांग. इथेही तीन-तीन महिन्यांची मुदत असते, त्याचं कुणाला नवल नाही.

कोट नको. इस्त्रीचा शर्ट पुरे.

खडूस_काका | ६ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

घ्या. लागलं भांडण घरात.

गंभीरपणे विचारतो. तिकडच्या मोठमोठ्या पुरवठादारांनी हजारांनी माणसं कमी करायचं जाहीर केलंय, पेपरात रोज येतंय. अशा वेळी चाकणची पक्की नोकरी सोडून तिकडे जायचं कशाला? तिथे सहा महिने प्रोबेशन असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवतात. बायको-पोरांसकट परत येणार का?

नेकारकाठी | ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४५

काकांचं म्हणणं खोटं नाही. म्हणून मुलाखतीत हाच प्रश्न यानेच विचारायचा. 'तुमच्या ऑर्डरींपैकी किती माल पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या गिअरबॉक्सला जातो आणि पाच वर्षांनी, इलेक्ट्रिक गाड्या वाढल्यावर, काय करणार आहात?' शेवटी ते विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का. तेव्हा 'नो सर, थँक्यू सर' म्हणणारा माणूस त्यांना झोपेत वाटतो. या प्रश्नाने कुणी चिडलं, तर तिथे न गेलेलंच बरं.

सांगलीची_सिस्टर | ७ ऑक्टोबर, रात्री १:२०

नाइट ड्यूटीवरून लिहितेय. मी नर्स आहे, २०२२ पासून जर्मनीत. आमच्याकडे सगळी मुलाखत जर्मनमध्येच होते, कारण बी२ (चौथी पातळी) शिवाय आपल्या नर्सिंगच्या शिक्षणाला मान्यता मिळायचं गाडं पुढे सरकत नाही.

मी औषधांची नावं, डोस, संसर्ग रोखायचे नियम, सगळं घोकून बसले होते. पहिला प्रश्न आला, 'आजोबांना आंघोळ घालायला तुम्हाला चालेल का?' मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. आपल्याकडे हे काम नातेवाईक करतात, नाहीतर आयाबाई. इथे अंग पुसणं, दात घासणं, भरवणं हे नर्सचं काम आहे. 'नाही' म्हटलं असतं तर मुलाखत तिथेच संपली असती, आणि नुसतं 'हो' म्हटलं असतं तर त्यांना पटलं नसतं. मी म्हटलं, आजीचं दोन वर्षं केलं आहे. पुढे आजीबद्दलच दहा मिनिटं बोलणं झालं, शब्द चुकले पण थांबले नाही.

तर पक्यादादा, 'थोडं जर्मन' म्हणजे पाठ केलेलं भाषण नव्हे. पाठ केलेलं त्यांना लगेच कळतं, कारण मध्येच एक साधा प्रश्न टाकला की गाडी रुळावरून घसरते. न समजल्यावर 'पुन्हा सांगाल का, हळू' एवढं मात्र तोंडपाठ कर.

बायकांसाठी वेगळं सांगते. पोटुशी आहेस का, मूल कधी, हे विचारायला इथे कायद्याने परवानगी नाही. कुणी विचारलंच तर खोटं सांगितलं तरी ते तुमच्या अंगाशी येत नाही.

शेवग्याची_शेंग | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

सिस्टर, आजीचं वाचून पाणी आलं डोळ्यांत. खूप छान लिहिलंत.

दर्यावर्दी | ७ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

तुमच्या दीड तासाच्या गप्पा वाचून मौज वाटली. मी रत्नागिरीचा, १९९६ साली आखातात गेलो तो वेल्डर म्हणून. आमची मुलाखत मुंबईत एका पत्र्याच्या शेडमध्ये झाली. साहेबाने नावसुद्धा विचारलं नाही. पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलेला पाइप दाखवला आणि म्हणाला, मार. त्याला ६जी म्हणतात. पाइप फिरवायचा नाही, आपण त्याच्याभोवती फिरायचं. खाली वाकून, मान मुरगाळून, डाव्या हातानेसुद्धा मारायचा. नंतर तुकडा कापून वाकवून बघतात. तडा गेला तर पुढच्या गाडीने रत्नागिरी.

आमच्या वाडीतला एक जण बोलायला एकदम पोपट होता. पाइप बघितल्यावर गप्प झाला. :)

बाभळीचं_झाड | ७ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

थोडं अवांतर होतंय, माफ करा. चुलतभावाला थायलंडमधून 'डेटा एंट्री'ची ऑफर आहे. व्हॉट्सॲपवर दहा मिनिटं बोलणं झालं, अनुभव विचारला नाही, तिकीट तेच काढणार म्हणतात. मुलाखत चांगली गेली असं तो म्हणतो.

दर्यावर्दी | ७ ऑक्टोबर, दुपारी १२:५०

थांबवा त्याला. आजच. अशीच पोरं बँकॉकला उतरवून म्यानमारच्या हद्दीत म्यावाड्डीकडे नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. भारत सरकारने विमानं पाठवून शेकडो जणांना परत आणलंय. एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतो, नाव नसेल तर विषय संपला. नोंदणी असलेल्या एजंटालाही तीस हजार आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही.

ज्या नोकरीत तुला काही येतं की नाही हे कुणी तपासत नाही, तिथे त्यांना कामासाठी माणूस नको असतो.

बाभळीचं_झाड | ७ ऑक्टोबर, रात्री ९:१५

बोललो. एजंटाचं नाव यादीत नाही. काकूने त्याचा पासपोर्ट कपाटात ठेवून किल्ली पदराला बांधली आहे.

चाकणचा_पक्या | ९ ऑक्टोबर, रात्री १०:५५

सगळ्यांचे आभार. नेकारकाठींनी व्यनितून (खासगी निरोपातून) सांगितलं, एक प्रसंग निवड आणि लिहून काढ. हा बघा कसा वाटतो:

'२०२२ मध्ये रात्रपाळीत शाफ्टच्या ग्राइंडिंगनंतर नायटल टेस्टमध्ये डाग आढळले. आम्ही मटेरियल होल्ड केलं. आम्ही कस्टमरला कळवलं. आम्ही रूट कॉज शोधलं, कूलंटचं नोझल सरकलेलं होतं. आम्ही सॉर्टिंग करून ४८ तासांत चांगला माल पाठवला.'

नेकारकाठी | १० ऑक्टोबर, रात्री १:१०

पाच वाक्यांत चार वेळा 'आम्ही'. हे आम्ही कोण? डाग कुणाला दिसले? होल्डच्या टॅगवर सही कुणाची होती?

खडूस_काका | १० ऑक्टोबर, सकाळी ८:२०

बिचाऱ्याने एक गोष्ट सांगितली तर पोलीस चौकशी लावली. :)

चाकणचा_पक्या | १० ऑक्टोबर, रात्री ११:३०

सही माझी होती.

झालं असं, इन्स्पेक्शनचा पोरगा म्हणाला, 'सर, सगळं राखाडी आहे, ओके आहे.' नायटल म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक आम्ल. त्यात भाग बुडवला की ग्राइंडिंगमध्ये जळलेली जागा काळसर दिसते. मला एका शाफ्टच्या कडेची चमक वेगळी वाटली. ट्यूबलाइटखाली नेऊन हळूहळू फिरवला, तेव्हा बेअरिंगच्या जागेला नखाएवढी काळी पट्टी दिसली. अजून दहा काढले, चारांवर होती. तोवर दोन पॅलेट ट्रकात चढले होते, ड्रायव्हर चहा पीत होता. मी लाल टॅग लावले आणि ट्रक खाली करायला लावला. रात्री दोनला प्लांट हेडला फोन केला. ते जे बोलले ते इथे लिहिलं तर ॲडमिन धागा उडवतील.

मग मशीनपाशी जाऊन बसलो. मेंटेनन्सवाल्याने दुपारी बेल्ट बदलताना नोझल बाजूला केलं होतं, ते परत लावताना दोन बोटं इकडे राहिलं. कूलंट पडत होता, पण दगड आणि शाफ्ट भेटतात तिथे पडत नव्हता.

आता वाचताना मलाच वाटतंय की हे मी केलं होतं. पण असं 'मी मी' बोलायची लाज वाटते हो. लहानपणापासून घरात हेच ऐकलंय, स्वतःचं कौतुक स्वतः करू नये.

सांगलीची_सिस्टर | ११ ऑक्टोबर, रात्री २:४०

दादा, हेच सांगा. अगदी ड्रायव्हरच्या चहासकट.

तोक्योतली_ताई | ११ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

थोडी असहमती. मी जपानमध्ये १२ वर्षं आहे. हीच गोष्ट इथे 'मी पाहिलं, मी थांबवलं' अशी सांगितली तर पलीकडचा माणूस हसून मान हलवेल आणि 'कळवतो' म्हणेल. इथे तपासतात ते हे की तुम्ही कुणाला, कधी, कुठल्या क्रमाने सांगितलंत. त्याला होरेन्सो म्हणतात. कळवणं, संपर्कात राहणं, सल्ला घेणं या तीन शब्दांची आद्याक्षरं. आणि होरेन्सो म्हणजे पालकसुद्धा, त्यामुळे नवीन माणसाला पहिल्या आठवड्यातच पालक खायला घालतात. :)

आणि 'आमचीच कंपनी का?' या प्रश्नाला पगार, प्रगती, अनुभव असलं काही सांगितलंत की संपलं. त्यांच्या कामातली एखादी नेमकी गोष्ट आवडली पाहिजे आणि ती का, हे सांगता आलं पाहिजे. माझ्या वेळी मी यावरच दोन रविवार घालवले होते. तेव्हा 'परदेशातली मुलाखत' असं सरसकट काही नसतं, देश बदलला की 'मी' आणि 'आम्ही'चं माप बदलतं.

नेकारकाठी | ११ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

मान्य. जपानचा अनुभव मला नाही. पण ताई, इथेही सगळंच 'मी'वर ढकललं तर ते खटकतं. मी उमेदवारांना सांगतो, हाताने केलं ते 'मी', निकाल लागला तो 'आम्ही'. टॅग मी लावला, माल आम्ही पाठवला.

खडूस_काका | ११ ऑक्टोबर, दुपारी १:००

'मी मी म्हणणारे' हा आपल्याकडे टोमणा, तुमच्याकडे पात्रता. कलियुग.

उंबरठा | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

इतके प्रतिसाद आले आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही? २६ ऑक्टोबरला, महिन्यातल्या शेवटच्या रविवारी, युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. २८ तारखेला तिकडचे ११ म्हणजे आपले साडेतीन, अडीच नव्हे!

हे मला कसं माहीत, तर मार्चमध्ये माझं उलटं झालं. सोमवारची मुलाखत होती, तिकडचे सकाळी १०. मी हिवाळ्याचा हिशेब धरून दुपारी अडीचला बसले, केस विंचरून, देवाला नमस्कार करून. समोर कुणीच नाही. पंधरा मिनिटांनी मेल आला, 'आम्ही तुमची दीडपासून दोनपर्यंत वाट पाहिली.' आदल्याच दिवशी घड्याळं पुढे गेली होती. माफी मागितली, दुसरी वेळ मागितली, उत्तर आलं नाही.

नेकारकाठी | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

नऊ वर्षं दरवर्षी स्वयंपाकघरातलं घड्याळ मी स्वतः फिरवतो आणि हे मलाच दिसलं नाही. उंबरठाताई, साष्टांग.

चाकणचा_पक्या | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

बाप रे. अर्धा दिवसच सुट्टी टाकली होती, आता पूर्ण दिवसाची टाकतो. साहेबांना कारण सांगितलंय, दिवाळीनंतरचं पोट.

ॲडमिन | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:००

पगाराच्या आकड्यांवरून सुरू झालेला रुपया-युरो वाद आणि त्यातले ४ प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. कृपया मूळ विषयावर राहा.

चाकणचा_पक्या | २८ ऑक्टोबर, रात्री ९:५०

झाली. दीड तास म्हणाले होते, पावणेदोन तास चालली. कोट घातला नाही. बायको अजून बोलत नाही.

पलीकडे दोघं होते, एक एचआरच्या बाई आणि एक पन्नाशीचा इंजिनिअर, त्याच्यापुढे चौकटीची वही. नायटलच्या त्या रात्रीवर चाळीस मिनिटं गेली! मला वाटलं होतं ते प्लांट हेडबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, नोझल सरकवणाऱ्या मेंटेनन्सवाल्याचं पुढे काय झालं. मी म्हटलं, काही नाही, नोझलला अडकण बसवली आणि जागेवर रंगाची खूण केली, आता डोळे मिटून लावलं तरी चुकत नाही. इंजिनिअर पहिल्यांदा हसला.

मग विचारलं, आज तीच वेळ आली तर काय वेगळं कराल? याची तयारी केली नव्हती. मी खरं ते सांगून टाकलं. पट्टी दिसल्यावर फोन करायला मी पंचवीस मिनिटं घालवली, कारण रात्री दोनला साहेबांना उठवायची भीती वाटली. त्या पंचवीस मिनिटांत आणखी चाळीस शाफ्ट ग्राइंड झाले. बोलून झाल्यावर दोघंही गप्प. बाईंनी काहीतरी लिहिलं. चांगलं की वाईट, देव जाणे.

तेवढ्यात खाली पोरांनी दिवाळीचा उरलेला सुतळी बॉम्ब लावला. इंजिनिअर खुर्चीतून उडाला. तिथून दिवाळीवर घसरलो, आणि कळायच्या आत बाई जर्मनमध्ये विचारू लागल्या होत्या, फटाके कोण आणतं, फराळात काय असतं. चकलीला 'तिखट, गोल, तळलेलं' यापलीकडे मला जाता आलं नाही. 'पुन्हा सांगाल का, हळू' तीनदा वापरलं, सिस्टर.

पगार ५८ सांगितला. त्यांनी ५४ म्हटलं. मी 'विचार करतो' म्हटलं, लगेच 'हो' म्हटलं नाही, हे मला स्वतःलाच नवल वाटलं. इलेक्ट्रिकचा प्रश्नही विचारला. इंजिनिअर म्हणाला, निम्म्याहून जास्त माल अजून गिअरबॉक्सचाच आहे, आणि आम्हालाही झोप लागत नाही.

दर्यावर्दी | २८ ऑक्टोबर, रात्री १०:२०

तो पंचवीस मिनिटांचा वाकवून बघितलेला तुकडा. तडा गेला नाही बहुतेक.

खडूस_काका | २९ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

५४ म्हणजे किती रुपये हे मी विचारणार नाही, ॲडमिन टपलेले आहेत.

चाकणचा_पक्या | ११ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मेल आला. 'हो' नाही, 'नाही'पण नाही. अजून एक तास हवा म्हणतात, शॉपफ्लोअरच्या फोरमनबरोबर. फोरमनला इंग्रजी येत नाही. २५ नोव्हेंबर, तिकडचे सकाळी ९.

नेकारकाठी | ११ नोव्हेंबर, रात्री ११:४५

उद्यापासून रोज, तुझ्याकडचे रात्री साडेनऊ. फोन मी करीन. मराठीत बोललास की ठेवून देईन.

उंबरठा | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

आणि २५ ला आपले किती वाजता?

चाकणचा_पक्या | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

दुपारचे दीड. बायकोने फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, खाली 'कोट' असंही लिहिलंय.